घासाघीस

मी दगड घासतो. हे वाक्य आज मी न लाजता लिहीत आहे. परंतु निवृत्तीनंतरची पहिली दोन वर्षे ते मी घरच्या मंडळींखेरीज कोणापाशी उच्चारले नव्हते. निवृत्त मराठी माणसाने काय करावे ह्याचे काही दंडक ठरलेले आहेत. त्याने पहाटे टेकडी चढावी, ज्ञानेश्वरीच्या वर्गाला बसावे, सोसायटीच्या वार्षिक सभेत जमाखर्चावर शंका काढाव्यात. फार तर आत्मचरित्र लिहावे. तेवढा अपराध समाज पोटात घालतो. पण गॅलरीत जुन्या बाजारातली मोटर बसवून, कमरेला रबरी कापड गुंडाळून, कोपरापर्यंत राड माखून घेऊन गारगोट्या घासणारा म्हातारा दिसला, की लोक त्याच्या बायकोकडे सहानुभूतीने पाहू लागतात.

जे जरा जवळचे असतात ते समजूत घालतात. "काका, कशाला हा खटाटोप? बाजारात ह्याच्या तयार माळा मिळतात की! आणि किती स्वस्त!"

ह्याच एका वाक्याशी माझे भांडण आहे, आणि ऐन दिवाळीच्या फराळापुढे ते मांडतो म्हणून वाचकांनी राग मानू नये. कारण हे वाक्य मला गेल्या दिवाळीतच ऐकवले गेले. आमच्या समोरच्या बिऱ्हाडातल्या सूनबाई कुठल्याशा प्रदर्शनातून अकीकाची माळ घेऊन आल्या होत्या. तांबूस, मधाच्या रंगाचे, पाणीदार मणी. माळ खरोखरच देखणी होती. दुकानदाराने सहाशे सांगितले होते, त्यांनी अडीचशेला आणली. "काय घासाघीस केली म्हणून सांगू, काका!" त्या म्हणाल्या. मी मणी मोजले. बावन्न होते. एका मण्याला पाच रुपयेही पडले नव्हते, आणि त्यात दोरा, फासा, दुकानदाराचा नफा आणि प्रदर्शनाचे भाडे सगळे आले.

घासाघीस हा शब्द आपण किती सहज वापरतो! मी तो शब्द पोटापुरता नव्हे, पण हौसेपुरता तरी जगलो आहे. तेव्हा आधी माझ्या घासण्याची हकीगत सांगतो.

आपला मुलूख दगडांचा, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो दगड उचलून कधी पाहत नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्या रसात वायूचे बुडबुडे अडकले, रस थिजला आणि बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे युगानुयुगे पाणी झिरपत राहिले आणि त्याने आणलेली सिलिका त्या पोकळ्यांत थरांनी बसली. तीच आपली गारगोटी, तोच अकीक. धरणाच्या कालव्यावर, नांगरलेल्या शेतात, रस्त्याकडेच्या मुरमाच्या ढिगात ती पडलेली असते. वरून बटाट्यासारखी मळकट. आतून मात्र कापलेल्या कांद्यासारख्या रेघा. चाकूने तिच्यावर ओरखडा उठत नाही, उलट तिनेच काचेवर उठतो. एवढी परीक्षा पोरासोरांनाही करता येते. काठिण्याच्या मापात तिचा क्रमांक सात, पोलादी चाकूचा साडेपाचाच्या आसपास. (चाकूने ओरखडा उठणारे सुंदर पांढरे-गुलाबी स्फटिक कुणाला मिळाले, तर ते कृपा करून घासू नयेत. ते बहुधा झिओलाइट असतात, मऊ असतात. घासून त्यांचा सत्यानाश होतो. ते आहेत तसेच कपाटात ठेवावेत.)

माझा कारखाना असा आहे. पाव अश्वशक्तीची मोटर, मिनिटाला साधारण चौदाशे फेऱ्यांची. तिच्यावर दोन इंची पुली, तिच्यावरून पट्टा बारा इंची पुलीवर. त्या मोठ्या पुलीचा दांडा बेअरिंगांत फिरतो आणि शेजारी तसाच दुसरा दांडा मोकळा. दोहोंवर पाण्याची रबरी नळी चढवली आहे, म्हणजे दांड्याची जाडी इंचभर होते. ह्या दोन दांड्यांवर सांडपाण्याच्या सहा इंची पाइपचा, दोन्हीकडून झाकणे लावलेला डबा आडवा निजवायचा. गणित ज्याला आवडते त्याने करून पाहावे: डबा मिनिटाला चाळीस वेळा फिरतो. ह्याहून जोरात फिरवला तर दगड डब्याच्या भिंतीला चिकटून बसतात आणि काहीच घासले जात नाही. फार हळू फिरवला तर नुसते घरंगळतात. डबा दोन तृतीयांश भरायचा, दगड बुडतील न बुडतील इतके पाणी आणि कार्बोरंडमची पूड. पहिला आठवडा ऐंशी नंबरची भरड पूड, मग दोनशेवीस, मग पाचशे आणि शेवटी सेरियम ऑक्साइडची गुलाबीसर भुकटी. प्रत्येक पायरीला सात दिवस, रात्रंदिवस. दोन पायऱ्यांच्या मधे डबा आणि दगड इतके धुवावे लागतात की सोवळ्यातली भांडीही कोणी तशी घासत नसेल. भरड पुडीचा एक कण जरी पुढच्या पायरीत गेला, तरी महिन्याची मेहनत ओरखड्यांत जाते. एकदा मी ती राड न्हाणीघराच्या मोरीत ओतली. ती सिमेंटसारखी बसली. त्या प्रसंगाचे वर्णन आमच्या घरी अजून होते, म्हणून इथे करीत नाही.

डब्यात दगड गोल गुळगुळीत होतात, पण आकार देता येत नाही. अंगठीचा खडा करावयाचा तर चाक हवे. फरशी कापणाऱ्यांची हिऱ्याच्या कण्यांची चकती हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिने काप काढायचा, लाख वितळवून तो काडीच्या टोकावर बसवायचा आणि काडी फिरवीत फिरवीत चाकावर धरायची. चाकावर थेंब थेंब पाणी पडत राहावे म्हणून मी सलाईनची रिकामी बाटली आणि नळी वर टांगली आहे. मोटर पट्ट्याने लांब ठेवली आहे, अर्थिंग केले आहे. पाणी आणि वीज ह्यांना एका ओसरीवर नांदवायचे तर एवढी सोयरीक जपावीच लागते.

ही बाटली मला सुचली नव्हती. ती माझ्या भाच्याने टांगायला लावली. तो छातीचा डॉक्टर आहे. सुरुवातीला मी दगड कोरडाच घासत होतो. कोरड्या दगडावर पेन्सिलची रेघ नीट दिसते, थंडीत बोटे गारठत नाहीत, काम दुपटीने उरकते. तासाभरात गॅलरीतली तुळस पांढरी झाली. मी नाकाला रुमाल बांधला होता, त्यामुळे माझा जीव निर्धास्त होता. तेवढ्यात भाचा आला. त्याने आधी भिंतीवरचे बटण बंद केले आणि मग म्हणाला, "मामा, तुळशीवर दिसतेय ती धूळ तुम्हांला काही करणार नाही. न दिसणारी आहे ती तुमच्या छातीत जाऊन बसली." रुमालाला त्याने सरळ हसून दाखवले.

मग त्याने मला सिलिकोसिस समजावून सांगितला. गारगोटीची सूक्ष्म धूळ फुप्फुसाच्या तळाशी जाते; शरीराला ती पचत नाही, बाहेर टाकता येत नाही. तिच्याभोवती व्रण धरतात, फुप्फुस ताठरते, दम लागतो. त्याला औषध नाही. घासणे सोडले तरी रोग पुढे सरकत राहू शकतो. अशा छातीत क्षय लवकर घर करतो आणि मग पुष्कळदा क्षय म्हणूनच उपचार होत राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९७ साली ही धूळ मनुष्याला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातली आहे. आणि ह्या सगळ्यावरचा पहिला उपाय काय, तर पाणी! दगड ओला ठेवा, राड ओलीच पुसा, झाडू नका, नाकाला साधे फडके नव्हे तर बारीक धूळ अडवणारा मुखवटा लावा. बस्स.

आता सूनबाईंच्या माळेकडे येतो. अकीकाच्या माळा बहुतेक खंभातच्या. ही कला आजची नव्हे. साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी केलेले लांबट तांबडे मणी इराकातल्या उरच्या राजघराण्याच्या थडग्यांत सापडले आहेत. आपलाही ह्यात वाटा आहे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्द्याच्या टिपणात, पैठणहून पट्टेदार अकीक गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जात असल्याची नोंद आहे. खंभातचे कारागीर रतनपूरच्या परिसरातला दगड आणतात, उन्हात वाळवतात, मडक्यात घालून विस्तवात भाजतात. त्यातले लोह तांबडे होते, म्हणून मण्याला तो रंग येतो. लोखंडी खिळ्याच्या टोकावर दगड टेकवून शिंगाच्या हातोडीने टवके काढतात. आणि झिलईची जुनी रीत ऐकून तर मी थक्क झालो: कातडी पिशवीत मणी, कुरुंदाची पूड आणि पाणी घालून दोन माणसे समोरासमोर बसत आणि ती पिशवी दहा दहा, पंधरा पंधरा दिवस एकमेकांकडे लोटत राहत. म्हणजे माझा सहा इंची डबाच, मोटरीवाचून! आणि त्यात पाणी होते.

आकार देण्याचे काम मात्र विजेच्या चाकावर आले आणि ते कोरडे चालले. घराच्या पडवीत चाक, शेजारी चूल, शेजारी पाळणा. तिथल्या कारागिरांच्या छात्या अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी तपासल्या आहेत आणि सिलिकोसिस सापडला आहे. चाकावर न बसणाऱ्या शेजाऱ्यांपर्यंतही धूळ पोहोचलेली आढळली आहे. कायदा म्हणाल, तर १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याने हा रोग सरकारला कळवण्याच्या रोगांच्या यादीत घातला होता. पण तो कायदा कारखान्यांचा. पडवीतल्या चार माणसांना कारखाना कोण म्हणतो?

ह्यावर आमच्याकडची शहाणी माणसे विचारतात, "एवढे सोपे आहे तर ते पाणी का घेत नाहीत?" हा प्रश्न ज्याने चाकावर बोट धरले नाही त्यालाच सुचतो. मी सांगितलेच, ओले काम हळू होते. मला निवृत्तिवेतन आहे; माझे काम हळू झाले तर माझा दुपारचा चहा लांबतो. नगावर मजुरी घेणाऱ्याचे हळू झाले तर त्याची चूल लांबते. धूळ ओढून घेणारा पंखा बसवायचा तर पैसा लागतो, आणि मण्याच्या किमतीत त्याला जागा नसते. का नसते? सहाशेचे अडीचशे झाले की ते साडेतीनशे कुठून तरी निघतातच. दुकानदार आपल्या खिशातून देत नाही. ते खाली खाली सरकत जातात आणि ज्याच्या खाली कोणीच नाही त्याच्या छातीतून निघतात.

"मग काय माळा घ्यायच्याच नाहीत?" हा दुसरा प्रश्न. मी तसे म्हणत नाही. माळ टाकून दिली तर कारागीर उपाशीच मरेल. माझे मागणे लहान आहे. शनीच्या भीतीने नीलमाला हजारो रुपये मोजताना ज्याची जीभ टाळ्याला चिकटते, त्याने अकीकाच्या मण्याशीच तेवढा पराक्रम दाखवू नये. दगड ओला घासला की कोरडा, एवढे दुकानदाराला विचारावे. त्याला ठाऊक नसेल. पण दहा जणींनी विचारले तर तो ठाऊक करून घेईल. आणि जमल्यास प्रत्येक घराने एक गारगोटी, एकच, स्वतःच्या हाताने घासून पाहावी. मोटरही नको. काचेच्या तुकड्यावर पूड आणि पाणी घ्यावे आणि सहाणेवर चंदन उगाळतो तशी उगाळावी. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण मुलांना सांगतो; टाकी धरणाऱ्याच्या अंगावर काय उडते हे कोणी सांगत नाही.

ह्याच समजुतीने मी मेमध्ये एका शाळेच्या सुट्टीतल्या शिबिराला मोटर घेऊन गेलो. तीस मुले होती, प्रत्येकाच्या मुठीत स्वतः वेचलेली गारगोटी. व्यवस्थापकांनी पाहणी केली आणि म्हणाले, "नव्या फरशीवर राड होईल. पाण्याविना दाखवता येणार नाही का? पाचच मिनिटे." मी भाच्याचे सगळे पाठांतर म्हणून दाखवले. त्यावर, "आपण खिडक्या उघड्या ठेवू," असे उत्तर आले. मी मोटर रिक्षात घातली आणि घरी आलो. मुलांचे चेहरे अजून आठवतात. त्यांना वाटले असेल, म्हातारा तिरसट आहे. फरशी मात्र स्वच्छ राहिली.

यंदा नवरात्रात समोरच्या सूनबाई आपण होऊन गॅलरीत आल्या. माझ्या नातवाला किल्ल्याच्या मुरमात एक गारगोटी सापडली होती. तिचा एक काप मी त्यांना काडीवर बसवून दिला. चार दुपारी त्या चाकावर बसल्या. अंगठ्याचे नख झिजले, साडीवर राड उडाली, दोनदा लाख सुटून खडा बादलीत गेला. चौथ्या दिवशी तो वाटाण्याएवढा खडा कुठे नीट गोल झाला; झिलई अजून बाकीच होती. मग त्यांनी माझ्या फळीवरचा तयार मणी उचलला, उजेडात धरला आणि विचारले, "काका, हा केवढ्याला द्याल?"

मी तास मोजून, पूड आणि वीज धरून आकडा सांगितला. त्यांनी घासाघीस केली नाही. घेतलाही नाही.