बाळाची मान एकीकडेच कलते? मग वाट कसली पाहता?

‘मान धरली की होईल सरळ.’ बाळ डोके एकाच खांद्याकडे कलते ठेवते असे आईने सांगितले, की घरातली मोठी माणसे तिची अशी समजूत काढतात. त्यात माया असते, पण आम्हाला हे वाक्य धोक्याचे वाटते. बाळाने मान धरायची वाट पाहण्यात जे पहिले दोन-तीन महिने जातात, तेच उपचाराचे सर्वात सोपे महिने असतात.

डॉक्टर याला टॉर्टिकॉलिस म्हणतात. कानामागून छातीच्या वरच्या हाडापर्यंत मानेत एक तिरका स्नायू उतरतो. एका बाजूचा हा स्नायू आखडलेला असला की डोके त्या बाजूला कलते आणि हनुवटी दुसरीकडे वळते. पोटात बाळाला जागा कमी मिळाली, बाळ पायाळू असले किंवा बाळंतपण अडून झाले, तर असे होऊ शकते. यात आईचा दोष नाही, ग्रहणाचा नाही आणि कुणाच्या नजरेचाही नाही. काही बाळांच्या मानेत दोन ते चार आठवड्यांनी सुपारीसारखी टणक गाठ लागते. ती डॉक्टरांना दाखवावी. या आजारातली गाठ बहुधा काही महिन्यांत आपोआप विरते. ती चोळून विरघळवायची नसते.

इथे मालिशीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. तेल लावून हलक्या हाताने अंग चोळण्याला आमचा विरोध नाही. पण दोन्ही हातांत डोके धरून बाळाला वर उचलणे, पाय धरून उलटे करणे, मानेला झटका देऊन ‘कट’ आवाज काढणे, हे बंद झालेच पाहिजे. मालिश करणारी बाई कितीही अनुभवी असो. मानेच्या मणक्यातच जन्मतः दोष असेल तर असा झटका बाळाच्या जिवावर बेतू शकतो, आणि तो दोष बाहेरून दिसत नाही. म्हणून आधी डॉक्टरांची तपासणी, मग व्यायाम.

व्यायाम तसा साधा आहे. फिजिओथेरपिस्ट एका हाताने बाळाचा खांदा स्थिर धरतात आणि दुसऱ्या हाताने डोके सावकाश विरुद्ध खांद्याकडे नेतात. मग हनुवटी कललेल्या बाजूच्या खांद्याकडे वळवतात. ताण हलका ठेवून थोडा वेळ धरायचा असतो. बाळ जोरात रडले, अंग ताठ केले, श्वास किंवा रंग बदलला तर तिथेच थांबायचे. किती वेळ धरायचे, दिवसातून किती वेळा करायचे हे बाळ पाहून ठरते. म्हणून हे मोबाइलवरचा व्हिडिओ पाहून करू नये, समोर बसून शिकून घ्यावे.

बाकीचा निम्मा उपचार आपल्या दहा बाय दहाच्या खोलीतच आहे. बाळ जी बाजू पाहायचे टाळते, तिकडून हाक मारा, खुळखुळा वाजवा, पाजताना तिकडे तोंड वळेल असे धरा. अंथरूण भिंतीला लागून असेल तर बाळ सतत दाराकडे किंवा टीव्हीकडेच बघते. डोके-पाय यांची दिशा बदला, की त्याला दुसरीकडे वळावे लागेल. जागे असताना आणि कुणीतरी जवळ असताना बाळाला पालथे ठेवा. झोपवताना मात्र उताणेच. दिवसभर झोळीत ठेवले तर मानेला वळायला वाव राहत नाही. डोके गोल व्हावे म्हणून राईची उशी देतात, तीही नको. डोके एका बाजूला चपटे होते ते बाळ सतत त्याच बाजूवर पडून राहते म्हणून.

आता वेळेचा हिशेब पाहा. उपचार पहिल्या महिन्याच्या आत सुरू झाले तर बहुतेक बाळांची मान साधारण दीड महिन्यात मोकळी होते. महिना उलटल्यावर सुरू केले तर सहा महिन्यांपर्यंत लागू शकतात. सहा महिन्यांनंतर आले तर नऊ-दहा महिने, आणि काहींना शेवटी शस्त्रक्रिया.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला सुरू झाला, तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. या कार्यक्रमाचे तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. म्हणजे पथकाची वाट पाहिली तर वरच्या हिशेबातला स्वस्तातला काळ हातचा गेलाच. आशाताईंच्या घरभेटी मात्र दवाखान्यात बाळंतपण झाल्यास ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ठरलेल्या आहेत. त्या भेटीत बाळाचे झबले काढून मान दोन्हीकडे सारखी वळते का, हे दाखवा. तेही राहिले तर दीड महिन्याच्या लसीला विचारा. डॉक्टरांना खुब्याचे सांधेही तपासायला सांगा. अशा काही बाळांच्या खुब्यातही दोष सापडतो. मान अचानक वाकडी झाली, सोबत ताप, उलट्या किंवा डोळ्यांत तिरळेपणा असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पुढचे प्रश्न पोटापाण्याचे आहेत. टेंभी नाक्याच्या सिव्हिलवर, म्हणजे विठ्ठल सायन्ना जिल्हा सामान्य रुग्णालयावर, आपल्या पिढ्यांनी भरवसा ठेवला. नव्या इमारतीसाठी ते मध्यंतरी मनोरुग्णालयाच्या आवारात हलवले गेले. कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, कल्याणला रुक्मिणीबाई, डोंबिवलीला शास्त्रीनगर. पण चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला दर आठवड्याला रिक्षाभाडे आणि खाडा परवडत नाही. दोन वेळा जाते, तिसऱ्यांदा राहते, आणि मग केसपेपरवर ‘पालक आले नाहीत’ असा शेरा पडतो. हा शेरा आम्हाला मान्य नाही. व्यायाम रोज घरीच करायचा आहे; फिजिओथेरपिस्टचे काम शिकवण्याचे आणि अधूनमधून तपासण्याचे आहे. ते काम वस्तीजवळ होऊ शकते. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या रचनेत फिजिओथेरपिस्ट धरलेलाच आहे. महिन्यातून एक दिवस, लसीकरणाच्याच दिवशी, तो महापालिकेच्या आरोग्य केंद्रात बसावा. आई तशीही त्या दिवशी बाळाला घेऊन तिथे आलेलीच असते. महिला मंडळांनी या मागणीचा अर्ज वॉर्डातल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे द्यावा आणि पोच घ्यावी. ज्या दिवशी शिकायला जायचे, त्या दिवशी आईबरोबर बापानेही जावे. रात्रीचा व्यायाम त्याच्या वाट्याला येऊ द्या.