व्यापारी मेळा उठतो तेव्हा लहान दुकानदाराचे काय जाते?

आमचा धंदा कापडाचा. मग सायकलवर का लिहिता, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. धंद्यांची नावे वेगळी असतात, दुखणी मात्र बहुतेक सारखीच असतात. शेजाऱ्याच्या घरात पाणी शिरले की आपला उंबरठा किती उंच आहे हे पाहून ठेवावे. शिवाय आमच्या वस्त्यांत सायकल परकी नाही. यंत्रमागावर पाळीला जाणारा कामगार, दुधवाला, पाववाला, फेरीवाला या सगळ्यांची रोजी वर्षानुवर्षे दोन चाकांवर चालली. पंक्चर काढणारे, चाकाचा आऊट काढणारे, भाड्याने सायकली देणारे कारीगर आमच्याच गल्ल्यांतले. म्हणून जगभरच्या सायकल धंद्यात गेल्या काही वर्षांत काय उलथापालथ झाली, तिचे व्यापारी मेळे का ओस पडले, हे आमच्या व्यापारी आणि कारीगर बांधवांनी समजून घ्यावे असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत सायकल धंद्याचा ‘इंटरबाइक’ नावाचा मोठा मेळा भरत असे. 1982 साली लास व्हेगास येथे त्याची सुरुवात झाली. सायकली बनवणारे, सुटे भाग बनवणारे आणि गावोगावचे दुकानदार वर्षातून एकदा तेथे जमत. नवा माल पाहत, भाव विचारत, पुढच्या हंगामाची मागणी नोंदवत. मेळ्याला जोडून शहराबाहेरच्या डोंगरात सायकली चालवून पाहण्याची सोय असे. दुकानदार स्वतः चढावर, उतारावर सायकल चालवी आणि मगच तोंड उघडी. पण हळूहळू गर्दी विरळ होत गेली. 2018 साली मेळा लास व्हेगासहून रीनो शहरात हलवला. तोच शेवटचा ठरला. 2018 च्या डिसेंबरात आयोजकांनी जाहीर केले की 2019 चा मेळा भरणार नाही.

युरोपात ‘युरोबाइक’ 1991 पासून जर्मनीच्या फ्रीडरिक्सहाफेन या सरोवराकाठच्या गावी भरत असे. तेथेही चलबिचल सुरू झाली. 2018 साली तारीख ऑगस्ट-अखेरीवरून जुलैवर आणली, 2019 साली पुन्हा सप्टेंबरवर नेली. 2022 साली जागाच बदलून मेळा फ्रँकफुर्टला गेला. ज्या बाजाराला आपला वार ठरवता येत नाही, त्या बाजाराचा पाया हलला आहे असे समजावे.

असे का झाले? पुष्कळ लोक एका शब्दात उत्तर देतात: इंटरनेट. घरबसल्या सगळे दिसते, मग खर्च करून मेळ्याला कोण जाणार? यात थोडे तथ्य आहे, पण हे पूर्ण उत्तर नाही. मोबाइलमुळेच मेळे मरत असते तर सगळे मरायला हवे होते. तैवानमध्ये तैपेईचा सायकल मेळा टिकून राहिला. आमच्या धंद्यातला ‘इटमा’ हा कापड यंत्रांचा मेळा 1951 पासून चालत आला आहे आणि 2023 साली मिलान येथे थाटात भरला. तेव्हा खरे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

आमच्या मते खरे कारण असे की, मोठ्या कंपनीला लहान दुकानदाराची पूर्वीइतकी गरज राहिली नाही. ट्रेक, स्पेशलाइझ्ड यांसारख्या मोठ्या कंपन्यांनी सामाईक मेळ्यातून अंग काढून घेतले आणि आपापल्या दुकानदारांना आपल्याच दारी बोलावणे सुरू केले. त्यांचा हिशोब सरळ होता. सामाईक मेळ्यात दुकानदार आपला माल पाहतो आणि दहा पावलांवर जाऊन दुसऱ्याचाही पाहतो. आपल्या घरी बोलावले की जेवण आपले, माल आपला आणि मागणीची वहीही आपलीच. शिवाय नवा माल बाजारात आणण्याची वेळ कंपन्यांनी अलीकडे ओढली. सप्टेंबरात मेळा भरेपर्यंत दुकानदाराचे पैसे हंगामाच्या मागणीत आधीच अडकलेले असत. खिसा रिकामा झाल्यावर बाजार हिंडून काय उपयोग?

पुढची पायरी दुकानदारालाच वगळण्याची. जर्मनीची कॅनियन कंपनी इंटरनेटवर मागणी घेऊन सायकल खोक्यात घालून थेट गिऱ्हाइकाच्या घरी पाठवते. 2017 साली तिने अमेरिकेतही याच पद्धतीने विक्री सुरू केली. 2022 साली स्पेशलाइझ्डनेही अमेरिकेत गिऱ्हाइकाच्या घरी थेट माल देणे सुरू केले. ज्या दुकानदारांनी वर्षानुवर्षे या कंपनीचे नाव गावोगाव रुजवले, त्यांना आता त्याच कंपनीशी स्पर्धा करावी लागली.

मग तैपेईचा मेळा का टिकला? तेथे कारखानदार कारखानदाराला भेटतो म्हणून. कोणी ब्रेक बनवतो, कोणी रिम, कोणी चेन, आणि पुरी सायकल जोडणाऱ्याला या सगळ्यांची गरज असते. ज्या बाजारात दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज असते तो बाजार उठत नाही. जेथे गरज एकाच बाजूची उरते, तेथे तंबू उतरायला वेळ लागत नाही. उरुसाच्या बाजारापासून कापडाच्या ठोक पेठेपर्यंत हाच नियम आम्ही पाहत आलो आहोत.

मोठ्यांचेही सगळे मोठेपण टिकले नाही, हेही पाहावे. रॅले सायकल एके काळी आमच्या वडीलधाऱ्यांच्या दारात शान मानली जाई. तिचा इंग्लंडमधील नॉटिंगहॅमचा कारखाना 2002 साली बंद झाला. शिकागोची श्विन कंपनी 1895 ची. 1980 साली तिच्या कारखान्यात संप झाला, आणि कंपनीने तैवानच्या ‘जायंट’ कंपनीकडून सायकली बनवून घेण्यावर भर दिला. जायंट 1972 साली स्थापन झालेली, दुसऱ्याच्या नावाने माल बनवून देणारी कंपनी. काही वर्षांनी श्विनने स्वस्त मालासाठी चीनमधील कारखान्याशी हात मिळवला. जायंटने तोपर्यंत आपल्या नावाचा माल बाजारात आणला होता. तिने त्यावरच जोर दिला. 1992 साली श्विनने दिवाळे जाहीर केले आणि जायंट जगातल्या सर्वांत मोठ्या सायकल कंपन्यांत जाऊन बसली. दुसऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणाऱ्या आमच्या यंत्रमागधारकांनी ही हकिकत दोनदा वाचावी. हुनर ज्याच्या हातात असते तो एक दिवस मालक होऊ शकतो. मात्र त्यासाठी आपले नाव आणि आपले गिऱ्हाईक वेळेवर तयार करावे लागते.

आपल्या देशातही हेच वारे वाहिले. लुधियानाची हीरो सायकल 1956 साली मुंजाल बंधूंनी सुरू केली. सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो लहान कारखान्यांच्या आधाराने ती वाढली आणि 1986 साली सर्वाधिक सायकली बनवणारी कंपनी म्हणून तिचे नाव गिनीज बुकात गेले. दुसरीकडे 1951 साली सोनीपतला सुरू झालेल्या अ‍ॅटलासने दिल्लीजवळच्या साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी थांबवला. कच्चा माल घ्यायलाही पैसे नाहीत, अशी नोटीस फाटकावर लागली. योगायोग असा की तो दिवस जागतिक सायकल दिन होता.

त्याच वर्षी कोरोनामुळे जगभर सायकलीला अचानक मागणी आली. बस-रेल्वे टाळणारा माणूस सायकलकडे वळला. माल मिळेना, सुट्या भागांसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागे. तेव्हा दुकानदारांनी आणि कंपन्यांनी हव्यापेक्षा जास्त मागण्या नोंदवल्या. माल पोहोचेपर्यंत गिऱ्हाईक आपल्या जुन्या सवयींकडे परतले होते. गोदामे भरली आणि भाव पाडून माल काढावा लागला. इंग्लंडची विगल-चेन रिअ‍ॅक्शन ही इंटरनेटवर सायकली विकणारी बडी कंपनी ऑक्टोबर 2023 मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. म्हणजे ज्या इंटरनेटने दुकानदाराला बुडवले असे आपण म्हणतो, त्यावरचे बडे दुकानदारही बुडाले. तेजीत माल भरून ठेवणाऱ्याची मंदीत झोप उडते, हे कापडवाल्यांना वेगळे सांगायला नको.

आणखी एक बदल. जर्मनीत 2023 साली विजेवर चालणाऱ्या सायकलींची विक्री प्रथमच साध्या सायकलींच्या पुढे गेली. सुमारे 40 लाख सायकलींपैकी 21 लाख विजेच्या होत्या. हे वारे आपल्याकडे येईल तेव्हा पाना, ग्रीस आणि छर्रे एवढ्या सामानावर दुरुस्तीचे दुकान चालणार नाही. मोटर, बॅटरी आणि वायरिंगचे काम शिकावे लागेल. जो कारीगर आधी शिकेल त्याच्याकडे काम येईल. बाकीचे पंक्चरवर राहतील.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मेळा उठल्यावर लहान दुकानदाराचे काय जाते? त्याची तुलना करण्याची जागा जाते. दहा जणांचा माल शेजारी शेजारी ठेवून हात लावून पाहता येत नाही. भाव एकाच तोंडून ऐकावा लागतो. दुसरे असे की, आपल्यासारख्याच दुकानदाराशी गाठ पडत नाही. कोणाची उधारी बुडाली, कोणता माल परत आला, कोणती कंपनी शब्द पाळत नाही, या गोष्टी छापील कागदावर येत नाहीत. त्या चहाच्या पेल्यावर कळतात. मोठ्या कंपनीकडे माहिती काढायला नोकर असतात. लहान माणसाची माहिती म्हणजे त्याच्या ओळखी. ओळखीची जागा गेली की तो आंधळा होतो.

यावर उपाय काय? जुने मेळे परत भरवा म्हणून रडण्यात अर्थ नाही. ते कंपन्यांनी आपल्या फायद्यासाठी भरवले होते, फायदा संपला तसे सोडले. तैवानच्या कारखानदारांनी वेगळा धडा घालून दिला. स्वस्त मालाच्या मागण्या चीनकडे जाऊ लागल्या तेव्हा 2003 साली जायंट आणि मेरिडा या दोन कट्टर प्रतिस्पर्ध्यांनी सुटे भाग बनवणाऱ्यांना बरोबर घेऊन एक गट बांधला. एकमेकांच्या कारखान्यांत जाऊन काम पाहिले, माल सुधारला, महाग आणि चांगल्या सायकली तेथेच बनत राहतील अशी तजवीज केली. बाजारात स्पर्धा सोडली नाही, पण शिकण्यात एकी केली.

आमच्याकडे शेजारच्या दुकानदाराला भाव कळू नये म्हणून आम्ही बिल उलटे ठेवतो, आणि दूरची कंपनी आम्हां दोघांनाही एकाच वेळी वेगवेगळे भाव लावते. हे थांबले पाहिजे. एका शहरातल्या पंधरा-वीस दुकानदारांनी वर्षातून दोनदा एखाद्या शाळेच्या किंवा शादीखान्याच्या सभागृहात जमावे. माल देणाऱ्यांना तेथे बोलवावे, आपण त्यांच्या दारी जाऊ नये. एकट्याची मागणी लहान असते, वीस जणांची मागणी ऐकावीच लागते. कारीगरांनी आपल्या हुनराची मजुरी स्पष्ट लावावी, कारण खोक्यातून आलेली सायकलसुद्धा बिघडते आणि तिचा आऊट काढायला माणूसच लागतो. एकाच कंपनीच्या नावावर पूर्ण दुकान उभे करू नये. हंगामाआधी उचललेला माल आपल्या ऐपतीत असावा.

मोठ्यांनी भरवलेला बाजार मोठ्यांच्या मर्जीने उठतो. आपला बाजार आपणच भरवला तर तो आपल्या गरजेपर्यंत टिकेल. सभागृहाचे भाडे वीस जणांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला फारसे येत नाही. प्रश्न खर्चाचा नाही, एकमेकांसमोर बिल सरळ ठेवण्याचा आहे.