सवडीची वाट न पाहता
आषाढी एकादशीच्या पहाटे मुख्यमंत्र्यांसमवेत विठ्ठलाच्या महापूजेचा मान दर्शनबारीत ताटकळलेल्या एखाद्या वारकरी दांपत्यास मिळतो. परंतु एरवी पेरणी, उसनवारी व सोयरीक यांखेरीज ज्यांच्यात बोलण्याचा विषय निघत नाही, अशा कित्येक जोडप्यांनी आळंदीपासून जवळजवळ तीन आठवडे टाळाच्या एका ठेक्यावर जोडीने चालावे, हे मला त्या मानाहून मोलाचे वाटते. ज्येष्ठ वद्य अष्टमीस माउलींची पालखी हलते, ती कोणाच्या सवडीखातर तहकूब होत नाही. दिंडीत भिशी (म्हणजे जेवणखर्चाची वर्गणी) भरली, की चुलीचा कारभार निदान एकटीच्या शिरावर राहत नाही (पोळ्या लाटावयास तेथेही बहुधा बायकाच बसतात, हे कबूल), आणि हरिपाठाच्या वेळी डोईवरचे तुळशीवृंदावन उतरवून ती व टाळ घेऊन तो, असे दोघेही एकदमच मोकळे असतात. याउलट घरच्या सत्यनारायणास यजमान पाटावर निश्चिंत, आणि शेजारी बसलेल्या यजमानीणबाईंचे चित्त शिऱ्याच्या कढईत. यास सहधर्माचरण म्हणणे धाडसाचे आहे. ज्यांस वारी साधत नाही, त्यांनी निदान एकादशीस संध्याकाळची चूल बंद ठेवावी. उपवासाच्या नावाखाली साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ व दाण्याची आमटी असा दुप्पट खटाटोप मांडू नये.