विजेच्या शेगडीला हक्काची जागा

स्वयंपाकाचा गॅस महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत प्रथम आला तेव्हा तो एकटा आला नाही; त्याच्याबरोबर एक संपूर्ण जाबताही आला. सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा, शेगडी त्याच्याहून उंच ओट्यावर असावी, रबरी नळीवर छापलेली मुदत संपताच ती बदलावी, रात्री निजण्यापूर्वी रेग्युलेटरचा खटका बंद करावा, आणि घरात गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटनालाही हात न लावता आधी दारे-खिडक्या उघडाव्यात, हे सारे नियम वितरकाच्या माणसाने ओट्यापाशी उभे राहून समजावून सांगितले, सासूने ते सुनेला सांगितले, आणि ज्या स्त्रियांना अक्षरओळखही नव्हती त्यांच्या हातांतसुद्धा ते असे मुरले की आज ते कोणी पाळते असे म्हणण्यापेक्षा ते आपोआप पाळले जातात असे म्हणणेच अधिक यथार्थ होईल. दर पाच वर्षांनी गॅसजोडणीची तपासणी करून घेण्याचा शिरस्ताही या जाबत्याचाच एक भाग आहे.

त्याच ओट्यावर गेल्या पंधरा-वीस वर्षांत इंडक्शनची शेगडी आली, पण ती आली ती कोणत्याही जाबत्यावाचून. खोक्यातून काढावी, मिक्सरसाठी किंवा पाण्याच्या फिल्टरसाठी केलेल्या पॉइंटला जोडावी, गॅसच्या दोन बर्नरांच्या कडेला जेमतेम सांदीत सारावी आणि चहाचे आधण ठेवावे, एवढ्या विधीने तिचा गृहप्रवेश उरकतो. तिची जागा कोणी नेमून देत नाही, आणि तिला लागणारी वीज ज्या तारेतून यायची ती तार ते ओझे वाहण्यास समर्थ आहे की नाही याची विचारपूसही कोणी करीत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की विस्तवाची जेवढी साधने आजवर आपल्या स्वयंपाकघरांत आली त्यांत ही शेगडी स्वभावतः सर्वांत निरुपद्रवी असून तिच्या नावावर जमा होणारे बहुतेक अपघात तिच्या अंगचे नसतात. आपण तिला जेथे बसवतो त्या जागेचे ते असतात.

तिच्या रचनेचे तत्त्व ध्यानी घेतले म्हणजे हे विधान अतिशयोक्तीचे वाटणार नाही. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या धातूत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले, आणि आपल्या ओट्यावर रोज सकाळी दूध तापते ते त्याच शोधाच्या आधाराने. शेगडीच्या काचेखाली तांब्याच्या तारेचे चपटे वेटोळे असते; घरात सेकंदाला पन्नास आवर्तनांनी येणाऱ्या विजेचे रूपांतर आतील यंत्रणा वीस हजारांहून अधिक आवर्तनांच्या विजेत करते; त्या वेगाने पालटणारे चुंबकीय क्षेत्र भांड्याच्या लोखंडी बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण करते आणि त्या प्रवाहांना होणाऱ्या विरोधातून भांड्याचे बूड स्वतःच तापते. काच तापते ती भांड्याच्या स्पर्शाने. भांडे उचलताच काही क्षणांत उष्णतेची उत्पत्ती थांबते. रॉकेलच्या स्टोव्हचा भडका आणि पेट घेतलेला साडीचा पदर या दोन शब्दप्रयोगांनी मराठी वर्तमानपत्रांचे किती रकाने एके काळी काळवंडले होते हे ज्यांना आठवते त्यांना ज्वालेवाचून शिजणाऱ्या अन्नाचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

परंतु ज्वाला नाही म्हणून शक्ती नाही असे मात्र नव्हे. घरोघरी दिसणारी एका भांड्याची शेगडी पूर्ण जोरावर सुमारे दोन हजार वॉट वीज घेते, म्हणजे २३० व्होल्टच्या दाबावर जवळजवळ नऊ अँपिअरचा प्रवाह. आणि मिक्सरसाठी बसवलेले छोटे सॉकेट असते ते सहा अँपिअरचे, जुन्या घरांत पाच अँपिअरचे. तारेतील किंवा सैल झालेल्या जोडातील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, या नियमानुसार दीडपट प्रवाह म्हणजे सव्वादोनपट उष्णता होय. मोठ्या पिनांचा प्लग लहान सॉकेटात बसावा म्हणून बाजारात कन्व्हर्टर मिळतो आणि अनेकांना ती मोठी सोय वाटते. वास्तविक प्लगच्या पिना जाड करण्यामागचा हेतूच असा की त्या लहान सॉकेटात जाऊ नयेत, आणि तो प्रतिबंध पन्नास-साठ रुपयांत उठवून देणारी ही वस्तू माझ्या मते घरात असूच नये.

हे मी पुस्तकी आधारावर लिहीत नाही. आमच्या घरी आईसाठी पहिली शेगडी आणली तेव्हा आम्हीही ती ओट्यावरच्या सहा अँपिअरच्या पॉइंटला कन्व्हर्टर लावून जोडली होती. दोन महिने काही झाले नाही, आणि तेच पुढे घातक ठरले, कारण काही न होणे हा आम्ही सुरक्षिततेचा दाखला मानला. नंतर सॉकेटची पांढरी पट्टी एका कोपऱ्यात पिवळसर, मग तपकिरी दिसू लागली. आईने ती डाळीच्या फोडणीचा डाग समजून दोनदा पुसली. एके सायंकाळी मासळी जळाल्यासारखा उग्र वास आला तेव्हा शाकाहारी घरात हा वास कोठला म्हणून आम्ही खिडकीबाहेर पाहत राहिलो, आणि तोवर भिंतीतल्या पेटीत तारेचे आवरण वितळू लागले होते. तापलेल्या प्लास्टिकचा वास पुष्कळदा असाच मासळीसारखा येतो, ही माहिती त्या दिवसापूर्वी आमच्यापैकी एकालाही नव्हती. मुख्य स्विच वेळीच बंद झाला म्हणून भिंतीवर काळ्या डागापलीकडे हानी झाली नाही. पण त्या काळात आई दुपारी घरात एकटी असे, ही गोष्ट आजही मला आठवते आणि आठवली की अस्वस्थ करते.

बंदोबस्त कठीण नाही. शेगडीसाठी सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉवर पॉइंट असावा. त्याची तांब्याची तार, निदान अडीच आणि शक्य तर चार चौरस मिलिमीटर जाडीची, वाटेत दुसऱ्या कोणत्याही पॉइंटला न जोडता थेट मुख्य फलकापर्यंत जावी. तेथे तिचा स्वतःचा एमसीबी असावा, आणि साऱ्या घरासाठी तीस मिलिअँपिअरची गळती ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी असावा. हे काम परवानाधारक ठेकेदाराच्या वायरमनकडूनच करून घ्यावे. एक्स्टेन्शन बोर्डाचा विचारही करू नये. आणि अर्थिंगकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्याकडे सर्वांत मोठी फसगत तेथेच होते: तीन छिद्रांचे सॉकेट दिसले की अर्थिंग आहे असे आपण धरून चालतो, पण जुन्या चाळींत आणि वाड्यांत वरच्या छिद्रामागे पुष्कळदा तारच नसते, किंवा त्याहून वाईट म्हणजे एखाद्या घाईच्या कारागिराने ते आतल्या आत न्यूट्रलला जोडून ठेवलेले असते, आणि मग जी तार संकटात प्राण वाचवण्यासाठी असते तीच प्रसंगी उपकरणाच्या अंगावर वीज आणून सोडते. स्वतंत्र घर असेल आणि अंगणात अर्थिंगचा खड्डा असेल तर चैत्र-वैशाखात जमीन कोरडी पडली म्हणजे त्याची वाहकता घटते हेही स्मरणात ठेवावे. मराठवाड्यात, विदर्भात त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतण्याची जी जुनी वहिवाट आहे तिच्यामागे शास्त्र आहे.

या विषयात माझे मन सर्वाधिक गुंतते ते मात्र ओट्यावरच्या शेगडीपाशी नव्हे, तर जमिनीवर ठेवलेल्या शेगडीपाशी. पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेली मुले-मुली पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या खोल्यांत कॉटच्या भाड्याने राहतात. घरमालक गॅसला परवानगी देत नाही, खानावळ रोज परवडत नाही, म्हणून दोघा-चौघांत मिळून एक इंडक्शन घेतले जाते आणि ते खोलीतल्या एकुलत्या एक सॉकेटला, मोबाइलचे चार्जर आणि पंखा ज्या बोर्डावर आहेत त्याच बोर्डावर, वळकटीपासून हातभर अंतरावर मांडले जाते. खाली गादी किंवा वर्तमानपत्र असेल तर शेगडीच्या बुडाशी असलेला पंखा हवेऐवजी तोच कागद ओढून धरतो आणि आतली यंत्रणा गुदमरून तापते. यात मुलांचा अपराध तो किती? गॅसला मनाई करण्याचा मालकाचा हक्क मला मान्य आहे. पण भाडे घेऊन माणूस ठेवायचा तर त्याने अन्न शिजवावे कोठे याचे उत्तर देणे हेही त्या हक्कातच समाविष्ट आहे, आणि ते उत्तर म्हणजे एक कडाप्प्याची फळी आणि तिच्यावर एक सोळा अँपिअरचा पॉइंट, एवढेच आहे. भाडेकराराच्या दस्तऐवजात नळ, पंखे आणि किल्ल्या यांची नोंद होते, तशी या पॉइंटचीही व्हावी.

आता पाकक्रियेविषयी. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर, पितळेचे पातेले, तांब्याचा हंडा या शेगडीवर तापत नाहीत. लोखंड, बीड आणि चुंबक ज्याला चिकटते असे पोलाद एवढेच तिला चालते, आणि बाजारात जाताना खिशात लहानसा चुंबक ठेवला तर दुकानदाराच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. बूड सपाट हवे. मध्ये खोल असलेला भाकरीचा तवा येथे उपयोगाचा नाही, आणि भाकरी विस्तवावर फुगवणे, वांगे भाजणे ही सुखे ज्वालेचीच राहणार, हे मान्य करून गॅसची एक शेगडी घरात ठेवावी असे माझे मत आहे. खरा सावधपणा हवा तो फोडणीच्या वेळी. गॅसवर तेल तापताना ज्वालेची उंची डोळ्यांना इशारा देत असते. येथे तसे काही दिसत नाही, पातळ बुडाच्या कढईतले दोन चमचे तेल पूर्ण जोरावर पाहता पाहता धुरावते, आणि काचेखालच्या उष्णतामापकाला ते कळेपर्यंत थोडा अवधी जातो. म्हणून फोडणी मंद किंवा मध्यम आंचेवरच करावी, मोहरीचा डबा आधी उघडून ठेवावा, आणि तेल ठेवून दाराची घंटा वाजली म्हणून जाऊ नये. फोडणीची लहान पळी बहुतेक शेगड्यांना जाणवतच नाही, कारण बुडाचा व्यास साधारण बारा सेंटिमीटरहून कमी असला की यंत्रणा भांडे नाहीच असे समजते. तेव्हा लहान कढल्यासाठी हट्ट धरू नये.

निगेचा विचार करता काच ही या उपकरणाची ढाल आहे. मिठाचा किंवा वाळूचा कण भांड्याखाली राहिला की ओरखडे पडतात; साखरेचा पाक सांडला तर तो गार होऊन काचेला धरण्यापूर्वीच, हात भाजणार नाही अशा बेताने, काढून टाकावा लागतो, कारण पुढे तो काचेचा कपचा घेऊनच निघतो. काचेला केसाएवढी जरी चीर गेली तरी त्या क्षणी भिंतीवरचा स्विच बंद करावा आणि काच बदलेपर्यंत शेगडी वापरू नये. उतू गेलेले दूध त्या चिरेतून जिवंत विजेपर्यंत पोहोचते. पुसायला ओलसर फडके आणि मागून कोरडे, एवढे पुरे. नळाखाली धुणे सर्वथा वर्ज्य. स्वयंपाक संपल्यावर शेगडीवरचे बटन दाबावे, पण आतला पंखा थांबेपर्यंत भिंतीवरचा स्विच चालू राहू द्यावा, कारण तो पंखा आतल्या घटकांना निववीत असतो. आणि झुरळांचा बंदोबस्त करावा: ऊब आणि तेलाचा वास यांनी ओढली जाऊन ती जाळीतून आत शिरतात, फलकावर मरतात, आणि ‘अचानक बिघडलेली’ शेगडी दुरुस्तीस नेली की कारागीर पहिल्यांदा त्यांचेच अवशेष बाहेर काढतो. मागच्या बाजूस भिंतीपासून वीतभर जागा मोकळी असावी, आणि पेटत्या गॅसच्या लगत तर तिला कधीच ठेवू नये. घरात कोणाच्या छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर त्या व्यक्तीने चालू शेगडीपासून दोन फूट अंतर राखावे आणि आपल्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे.

ही झाली घराची जबाबदारी. पण घरमालकाच्या, सोसायटीच्या आणि वीज कंपनीच्या वाट्याला येणारा भाग आज कोणीच उचलत नाही, हे अधिक खटकते. आपल्या देशाला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून येतो, त्यामुळे विजेवर शिजवा असा सल्ला सरकारी पातळीवरून वेळोवेळी मिळतो आणि तो उचितही आहे. मात्र त्या सल्ल्याबरोबर जोडणीच्या तपासणीची तरतूद हवी. एकेका इमारतीत वीस बिऱ्हाडांनी सायंकाळी सात वाजता एकाच वेळी दोन-दोन किलोवॉटची शेगडी लावली तर चाळीस वर्षांपूर्वीची चढती मुख्य तार ते ओझे कसे सोसणार? वितरण कंपनीने मंजूर भार वाढवण्याची दरखास्त आली की कागदावरचा आकडा बदलण्याबरोबरच घरातील अर्थिंग मोजून देण्याची तजवीज करावी. गृहनिर्माण संस्थांनी वार्षिक सभेच्या कामकाजात रंगकामाआधी मुख्य तारेची तपासणी घ्यावी. दराचे टप्पेही विचारात घ्यावेत: शंभर युनिटांच्या पुढे दर चढतो, आणि ज्या कुटुंबाने सिलिंडर वाचवण्यासाठी शेगडी घेतली ते बिलाच्या भीतीने पुन्हा ती माळ्यावर टाकते, असे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आमच्या घरच्या त्या जळक्या सॉकेटच्या जागी आता कोरी पट्टी आहे. शेगडी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखाली, स्वतःच्या पॉइंटला लावलेली असते आणि पाहुणे आले, सणाचा स्वयंपाक असला तरी ती तेथून हलवली जात नाही. आईने मुख्य फलकावर तिच्या एमसीबीखाली खडूने ‘चूल’ असे लिहून ठेवले आहे, आणि गावाला जाताना गॅसचा खटका पाहिल्यावर ती आता तेही एक बटन पाहून येते.