मनगटाची करामत आणि कातडीचा रंग

क्रिकेटवेड्या घरांतील जुन्या मंडळींना लक्ष्मण शिवरामकृष्णन हे नाव आठवत असेल. मद्रासचा सडपातळ, सावळा पोरगा. 1981-82 च्या हंगामात, सोळाव्या वर्षी तो तमिळनाडूकडून पहिला रणजी सामना खेळला. समोर दिल्ली, सामना उपांत्यपूर्व फेरीचा. दुसऱ्या डावात त्याने 28 धावांत 7 बळी घेतले! सतराव्या वर्षी, एप्रिल 1983 मध्ये, तो वेस्ट इंडीजमध्ये कसोटी खेळला. बळी एकही मिळाला नाही.

लेगस्पिन ही मनगटाची गोलंदाजी. उजव्या फलंदाजाच्या पायाकडचा चेंडू वळून बाहेर जातो. गुगली टाकताना हात तसाच फिरतो, पण चेंडू मनगटाच्या मागून सुटतो आणि उलटा आत घुसतो. बोटाने चेंडू वळवणाऱ्याला टप्पा सांभाळता येतो. मनगटवाल्याचा एखाद्या दिवशी सुटतोच, मग धावांची लूट होते. अशा गोलंदाजाला कर्णधाराचा भरवसा हवा आणि रणजीची चार-सहा वर्षे मार खात शिकायला हवीत. शिवाला ती उसंत कोणी दिली?

1984 च्या अखेरीस इंग्लंडचा संघ आला. वानखेडेवर शिवाने दोन्ही डावांत सहा-सहा बळी घेतले आणि भारत जिंकला. दिल्लीत पुन्हा एका डावात सहा. मालिकेत एकूण 23. मार्च 1985 मध्ये मेलबर्नच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानचा जावेद मियाँदाद त्याच्या चेंडूवर पुढे सरसावला आणि सदानंद विश्वनाथने त्याला यष्टिचीत केले. आणि जानेवारी 1986 मध्ये सिडनीला शेवटची कसोटी! विसावा वाढदिवस होऊन आठवडाही झाला नव्हता. कसोट्या 9, बळी 26.

पुढे रणजीत त्याने शतके काढली, पण ती लेगस्पिन पूर्वीची राहिली नाही. निवड समितीने कैरी झाडावरून लवकर उतरवली आणि पिकली नाही म्हणून फेकून दिली, असे माझे स्पष्ट मत आहे.

पण आज हे नाव काढण्याचे कारण वेगळेच. नोव्हेंबर 2021 मध्ये इंग्लंडच्या यॉर्कशायर क्लबातील वर्णद्वेषावर जगभर चर्चा चालू होती. तेव्हा समालोचक झालेल्या शिवरामकृष्णन यांनी जाहीरपणे सांगितले, की कातडीच्या रंगावरून आयुष्यभर आपल्याला हिणवले गेले, आणि तेही आपल्याच देशात. रंगामुळे त्यांची कारकीर्द संपली असे मी म्हणणार नाही. पण वाळवी दिसत नाही म्हणून ती नसते थोडीच?

आपल्या मैदानांवरही सावळ्या पोराला ‘ए काळ्या’ अशी हाक पडतेच. लाडाने म्हणतो, असे वर सांगितले जाते. पोरगाही हसतो. शिवाही तेव्हा हसला असेल. त्यांनी तोंड उघडले तेव्हा शेवटच्या कसोटीला 35 वर्षे उलटून गेली होती.