पोटगी ‘जन्माची’ असते का? सव्वाशे वर्षांचा कायदा काय सांगतो

१/ घटस्फोटानंतरची पोटगी एकदा लागली की ती जन्माची. कमी होत नाही, बंद तर होतच नाही, असे विधान समाजमाध्यमांवर छातीठोकपणे केले जाते. कायद्याचा इतिहास नेमके उलट सांगतो. पोटगी थांबवण्याची दारे नेहमीच उघडी होती. वाढवण्याच्या दाराला मात्र शतकभर कुलूप होते. #थ्रेड

२/ १८९८ची फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम ४८८. पतीने सांभाळ नाकारलेल्या पत्नीला दंडाधिकारी पोटगी मंजूर करीत, पण कमाल दरमहा ५० रुपये. कलम ४८९नुसार परिस्थिती पालटल्यास रक्कम बदलता येई. ती वाढवतानाही हीच मर्यादा लागू असे. कमी करण्याला तळ नव्हता, वाढवण्याला छत होते.

३/ हे छत १९२३ मध्ये १०० रुपयांवर गेले, १९५५ मध्ये ५०० वर. १९७३च्या नव्या संहितेने (कलम १२५) ५०० हाच आकडा कायम ठेवला. काही राज्यांनी स्वतःच्या दुरुस्त्यांनी तो वाढवला, पण केंद्रीय कायद्यातून मर्यादा हटली ती थेट २००१ साली. ४६ वर्षे धान्य, घरभाडे, औषधे महागत गेली. कायद्याचा आकडा हलला नाही.

४/ आता थांबवण्याची बाजू. पत्नीचे व्यभिचारी जीवन, सबळ कारणाविना नांदण्यास नकार, परस्परसंमतीने विभक्त राहणे : यांपैकी एक गोष्ट सिद्ध झाली की आदेश रद्द करणे दंडाधिकाऱ्यावर बंधनकारक होते. जुन्या संहितेत तर याहून सोपी वाट होती. घटस्फोटिता ‘पत्नी’ या शब्दात बसतच नसे. तलाक द्यावा, इद्दतीचा काळ सरला की आदेश निष्प्रभ!

५/ ही पळवाट बुजवण्यासाठी १९७३च्या संहितेने पुनर्विवाह न केलेल्या घटस्फोटितेचा ‘पत्नी’ या व्याख्येत समावेश केला. तिने पुनर्विवाह केल्यास पोटगी रद्द होईल, हेही तेथेच लिहिले. म्हणजे हक्क दिला, तोही अंताच्या अटीसह.

६/ शाहबानो खटला सर्वांना ठाऊक असतो. त्यातले आकडे क्वचितच. एप्रिल १९७८ मध्ये इंदूरला त्यांनी दरमहा ५०० रुपये मागितले, म्हणजे कायद्याचे छत. अर्ज प्रलंबित असतानाच, नोव्हेंबरमध्ये, वकील पतीने तलाक दिला. त्याचे वार्षिक उत्पन्न सुमारे ६०,००० रुपये असल्याचे त्यांचे म्हणणे होते. दंडाधिकाऱ्यांनी मंजूर केले महिना २५ रुपये. उच्च न्यायालयाने केले १७९ रुपये २० पैसे. एवढ्यासाठीही पती सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९८५ मध्ये हरला.

७/ ‘जन्माची पोटगी’ हा समज बहुधा हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम २५ वरून रूढ झाला असावा. तेथे अर्जदाराचे आयुष्य ही पोटगीची कमाल मुदत आहे, किमान नव्हे. त्याच कलमात परिस्थिती बदलल्यास आदेश बदलण्याची किंवा रद्द करण्याची सोय आहे आणि ती पती-पत्नी दोघांनाही खुली आहे. अर्जदाराने पुनर्विवाह केल्यासही आदेश बदलता वा रद्द करता येतो.

८/ यावर एक आक्षेप रास्त आहे. नोकरी गेलेल्या माणसाचा रक्कम कमी करण्याचा अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिला, तर कागदावरची तरतूद त्याच्या काय कामाची? मात्र हा दोष न्यायालयीन दिरंगाईचा आहे. वाढीचा अर्ज घेऊन आलेली स्त्रीही त्याच रांगेत उभी असते. दिरंगाईचा राग तिच्या हक्कावर काढणे हा न्याय नव्हे.

९/ १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही (कलम १४६) पोटगी बदलण्याची आणि रद्द करण्याची तरतूद आहे. सुधारणेची मागणी जरूर व्हावी : अर्ज लवकर निकाली काढा, दोन्ही बाजूंचे उत्पन्न खरेखुरे तपासा. पण जे दार कधी बंदच नव्हते, ते उघडा म्हणून आरडाओरडा करण्याआधी निदान एकदा ढकलून तरी पाहावे.