ज्यांची चर्चा, तेच दाराबाहेर

१९९२ ची आंतरराष्ट्रीय एड्स परिषद बोस्टनला भरायची होती. ती भरली अ‍ॅमस्टरडॅमला. एचआयव्हीबाधितांना अमेरिका तेव्हा देशात येऊ देत नव्हती. ज्यांच्या आजारावर चर्चा व्हायची, त्यांनाच दार बंद! आयोजकांनी सगळी परिषदच उचलून दुसऱ्या देशात नेली. बंदी २०१० मध्ये उठली, मगच २०१२ ची परिषद वॉशिंग्टनला झाली.

आता अडसर पासपोर्टचा आहे. २०१८ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या न्यूरिप्स परिषदेसाठी माँट्रियलला निघालेल्या अनेक आफ्रिकी संशोधकांना कॅनडाने व्हिसा नाकारला. २०२२ मध्ये त्याच शहरातल्या एड्स परिषदेत पुन्हा तेच.

ऑनलाइन सोय हवीच, पण ती पुरत नाही. पुढच्या कामाच्या ओळखी चहाच्या वेळेत जुळतात. खरा उपाय स्थळ बदलण्याचा. कृत्रिम बुद्धिमत्तेवरचीच आयसीएलआर परिषद २०२३ मध्ये रवांडातल्या किगालीत झाली; २०२५ मध्ये न्यूरिप्सने सॅन दिएगोबरोबर मेक्सिको सिटीतही मांडव घातला.

पुण्या-मुंबईच्या आयोजकांनीही निमंत्रणपत्रे सहा महिने आधी धाडावीत. भारताचा कॉन्फरन्स व्हिसाही सरकारी परवानग्यांवाचून मिळत नाही.